पॉमेरियनची कुळकथा

इतिहास म्हटला म्हणजे गड, लढाया, तह आणि राजघराणी डोळ्यांसमोर उभी राहतात. घराचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. पाटावरची पंगत टेबलाभोवती केव्हा बसली, चुलीच्या जागी गॅसची शेगडी केव्हा आली, माजघर जाऊन दिवाणखाना केव्हा आला, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. तरीही सामान्य माणसाचे आयुष्य तहनाम्यांपेक्षा याच गोष्टींनी अधिक पालटले आहे. अशाच एका घरगुती स्थित्यंतराचा विचार येथे करावयाचा आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे, कारण त्याचा नायक एक लहानसे पांढरे कुत्रे आहे. परंतु ते ज्या दारातून आत आले त्या दाराचा इतिहास क्षुल्लक नाही.

दादरच्या शिवाजी पार्कच्या मैदानाला सुमारे बाराशे मीटर घेराचा एक ठेंगणा कट्टा आहे. सकाळ-संध्याकाळ त्याच्या कडेने फिरणाऱ्या मंडळींत निवृत्त न्यायाधीश, बँकेतले अधिकारी, क्रिकेटचे साहित्य खांद्यावर टाकून निघालेली मुले असे नाना प्रकारचे लोक आढळतात. त्यांच्याबरोबर गेल्या कित्येक वर्षांत वारंवार दिसत आलेला एक प्राणी म्हणजे पांढराशुभ्र, दाट केसांचा, शेपूट पाठीवर वळवून ऐटीत चालणारा कुत्रा. त्याचे धनी त्याला ‘पॉमेरियन’ म्हणतात. ज्यांची दुपारची झोप त्याने मोडलेली असते असे शेजारी त्याला आणखी काही म्हणतात. श्वानशास्त्रज्ञ मात्र ही दोन्ही नावे बाजूला सारून त्याला ‘इंडियन स्पिट्झ’ म्हणतात. हा कोण, याचा स्वभाव असा का, आणि जे दार शतकानुशतके कुत्र्यास बंद होते त्यातून हा आत आला कसा, हे तीन प्रश्न आहेत. आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

प्रथम त्याचे रूप पाहू. ‘स्पिट्झ’ या जर्मन शब्दाचा अर्थ ‘टोकदार’. निमुळते तोंड आणि ताठ उभे राहिलेले त्रिकोणी कान यांवरून हे नाव पडले. डोळे काळेभोर, नाकाचा शेंडाही काळा. बाकी सर्वांग पांढरे. आपल्याकडे याचे दोन आकार आढळतात. लहान स्पिट्झ पाच ते सात किलोंचा असतो, तर मोठा बारा ते वीस किलोंपर्यंत भरतो. अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला थर मऊ व लोकरीसारखा, बाहेरचा लांब व सरळ. याच दुहेरी आवरणामुळे तो कापसाच्या गाठोड्यासारखा दिसतो आणि लहान मुलांना त्यास उचलून घेण्याचा मोह आवरत नाही.

रूपावरून स्वभावाचे अनुमान करू गेल्यास मात्र फसगत ठरलेली. हे गाठोडे मुळीच मऊ नाही. जागरूकता हा त्याचा मुख्य गुण होय. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या आत्याबाईंसारखा त्याचा एक कान सदैव जिन्याकडे असतो. दुसऱ्या मजल्यावर अनोळखी पाऊल वाजले की तिसऱ्या मजल्यावर हा उभा राहतो, आणि घंटी वाजण्यापूर्वीच पाहुण्याची वर्दी सर्व इमारतीस देऊन मोकळा होतो. घरच्या माणसांवर त्याची माया अपार. त्यातही एखाद्या व्यक्तीस तो आपली मानतो आणि ती बाहेरगावी गेली तर दारापाशी बसून राहतो. बुद्धी तल्लख असल्याने तो शिकविलेले लवकर शिकतो, आणि न शिकविलेलेही. पिशवी हाती घेतली म्हणजे बाजार आणि पट्टा हाती घेतला म्हणजे मैदान, हा भेद त्यास कोणी समजावून सांगावा लागत नाही. परक्याविषयी तो संशयी असतो, एकटेपणा त्यास सोसत नाही, आणि घरात नवे मूल आले तर काही दिवस रुसूनही बसतो. चावण्यापेक्षा भुंकण्यावर त्याचा भर अधिक. तथापि घाबरलेला किंवा डिवचलेला स्पिट्झ दात लावावयास कमी करीत नाही.

हा स्वभाव दिवाणखान्यात घडलेला नाही. तो जर्मनीतील शेतांच्या खळ्यांवर आणि मालवाहू गाड्यांवर घडला. युरोपाच्या उत्तर भागात या टोकदार तोंडाच्या कुत्र्यांचा वंश फार जुना आहे. शेतकऱ्याच्या अंगणात उकिरड्याच्या ढिगावर उभे राहून भुंकणारा म्हणून जर्मन भाषेत त्यास एक मजेदार नावही होते. गाडीवानाचा माल लादलेली गाडी रस्त्यात उभी राहिली की मालावर बसून पहारा करावयाचा हे त्याचे काम. शिकारी कुत्र्यास पळावे लागते, धनगराच्या कुत्र्यास कळपामागे धावावे लागते. पहाऱ्याच्या कुत्र्याने मात्र एकाच जागी राहावयाचे, जागे राहावयाचे आणि परका दिसताच ओरडून धन्यास कळवावयाचे. शिकारीची ओढ लागून जो गाडी सोडून सशामागे धावेल तो गाडीवानाच्या उपयोगाचा नव्हे. म्हणून धन्याजवळून न हलणारी आणि मोठ्या आवाजाची पिल्लेच पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढविली गेली. हॉलंडात याचाच एक करडा भाऊबंद कालव्यांतील नावांवर पहारा करी. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजपक्षाविरुद्ध उभ्या राहिलेल्या तेथील देशभक्त पक्षाचे तो चिन्हच होऊन बसला. आज तिसऱ्या मजल्यावर बसून जिन्यातल्या पावलांवर भुंकणारा आपला स्पिट्झ हेच वडिलोपार्जित काम इमानाने करीत आहे. गाडी तेवढी आता राहिलेली नाही.

‘पॉमेरियन’ हे नाव पॉमेरेनिया या प्रांताच्या नावापासून आलेले आहे. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील हा प्रदेश आज जर्मनी आणि पोलंड यांत विभागलेला आहे. त्याच्या शेजारच्या मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्झ या लहानशा संस्थानातील राजकन्या शार्लट हिचा विवाह १७६१ साली इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याशी झाला, आणि तिच्यामागोमाग ही कुत्री इंग्रज दरबारात आली. टॉमस गेन्सबरो या चित्रकाराने १७७७ च्या सुमारास काढलेले एका पॉमेरियन कुत्रीचे व तिच्या पिल्लाचे चित्र आजही लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्या चित्रातील कुत्री पाहिली तर आपल्या लक्षात येते की ती मांडीवर मावणारी नाही. ती चांगली थोराड आहे, आणि पांढरी आहे.

पुढे शंभर वर्षांनी या कुळाच्या इतिहासास निराळे वळण लागले. १८८८ साली व्हिक्टोरिया राणी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी गेली असता तेथील लहान आकाराच्या जातीचा मार्को नावाचा कुत्रा तिच्या मनात भरला. राणीने लहान कुत्रा पाळला, सबब सर्वांस लहान कुत्रा हवासा झाला. १८९१ साली इंग्लंडात पॉमेरियन क्लब निघाला, आणि अवघ्या काही दशकांत निवडीच्या जोरावर हा कुत्रा आक्रसत आक्रसत निम्म्याहून लहान झाला. आज पाश्चात्त्य देशांत ज्यास पॉमेरेनियन म्हणतात तो साडेतीन किलोंच्या आतला आणि बहुधा तांबूस वा नारिंगी रंगाचा असतो. १९०१ साली राणीने प्राण सोडला तेव्हा तिच्या बिछान्यावर तुरी नावाचे तिचे पॉमेरियन बसलेले होते.

इंग्रजांच्या अमदानीत स्पिट्झ कुळातील कुत्री हिंदुस्थानात आली. येथील उष्ण हवेत जी तगली त्यांचीच वीण पुढे चालली आणि आपला इंडियन स्पिट्झ तयार झाला. येथे एक अनुमान मांडावेसे वाटते. आपण त्यास ‘पॉमेरियन’ म्हणतो म्हणून जाणकार आपणांस हसतात. परंतु शार्लट राणीच्या काळचा इंग्रज मनुष्य आज शिवाजी पार्कात अवतरला तर मोठ्या आकाराच्या पांढऱ्या स्पिट्झकडे पाहून तोही ‘पॉमेरियन’ असेच म्हणेल, आणि लंडनमधील नारिंगी खेळणे पाहून बुचकळ्यात पडेल. राजधानीत वस्तू पालटते आणि दूरच्या मुलखात जुने नाव जुन्याच अर्थाने टिकून राहते, हा प्रकार भाषेच्या इतिहासात वारंवार घडतो. मुंबईच्या ‘अल्सेशियन’चेही तसेच आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचा उच्चार नको म्हणून इंग्रजांनी जर्मन शेफर्डचे बारसे अल्सास प्रांताच्या नावाने केले. १९७७ साली त्यांच्या केनेल क्लबने मूळ नाव पुन्हा मान्य केले. आपल्या जुन्या इमारतींतून मात्र ‘अल्सेशियन’ अजून जिवंत आहे. अमेरिकेत तर पांढऱ्या जर्मन स्पिट्झचे नाव १९१७ साली याच जर्मनद्वेषातून ‘अमेरिकन एस्किमो’ असे करण्यात आले. एस्किमो लोकांशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. एकाच कुळाच्या कुत्र्याने तीन देशांत तीन नावे धारण करावी आणि त्यातले एकही त्याने स्वतः मागितलेले नसावे!

कुळाची हकीकत येथवर झाली. आता दाराकडे वळू.

मराठी मनात कुत्र्यास जागा नव्हती असे नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, आणि ते चार वेद होत असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि त्या देवास वाहिलेला मनुष्य ‘वाघ्या’ म्हणजे देवाचा कुत्रा म्हणवून घेण्यात भूषण मानतो. कोरडी पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहेत. दख्खनच्या माळरानावरचे कारवानी शिकारी कुत्रे नावाजलेले होते. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची जोपासना केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली. परंतु देवाजवळचा, संतकथेतला आणि संस्थानिकाच्या पागेजवळचा हा कुत्रा सामान्य गृहस्थाच्या घरात नव्हता. त्याची जागा ओटीच्या खाली, अंगणात, फार तर देवडीत. घरच्या अन्नावर त्याचा हक्क होता, घरावर नव्हता. वैश्वदेवानंतर श्वबली म्हणून त्याचा भाग निघे, आणि तो बाहेर जमिनीवर ठेवला जाई.

या ‘बाहेर’चा विचार करताना आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात जमिनीवर अन्न ठेवावयाचे ते ज्यांच्यासाठी, त्यांच्या यादीत कुत्री, कावळे आणि कृमी यांच्याबरोबर पतित ठरविलेली व अंत्यज मानलेली माणसेही आहेत. म्हणजे उंबरठ्याच्या बाहेरची ही रांग केवळ पशूंची नव्हती. माणसांस पशूंच्या रांगेत बसविणे हा त्या उंबरठ्याचा सर्वांत मोठा अपराध होय. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला तो याच अन्यायाविरुद्ध: ज्या तळ्याचे पाणी जनावरांस पिता येत होते ते माणसांस वर्ज्य होते. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला महाडासच मनुस्मृतीचे दहन झाले. आणि त्याच १९२७ साली दादरजवळच्या एका नव्या मैदानास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. आज त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर चैत्यभूमी आहे. आपल्या घरात कुत्रे केव्हा आले हे सांगणाराने हा इतिहास शेजारी ठेवूनच सांगितले पाहिजे; कारण ज्या घरांनी कुत्र्यास पलंगावर घेतले त्यांतील कित्येकांनी काही माणसांसाठी वेगळी कपबशी त्यानंतरही पुष्कळ दिवस ठेवली होती.

मुंबई शहरात कुत्र्याचा प्रश्न पहिल्याने रस्त्यावर आला तो १८३२ साली. बेवारशी कुत्री मारण्याचा नियम पूर्वीपासून होता. त्या वर्षी मारण्याची मुदत वाढविण्यात आली. दर कुत्र्यामागे बक्षीस असल्यामुळे पाळलेली कुत्रीही पकडली जातात अशी ओरड झाली. पारशी धर्मात कुत्र्यास मोठा मान आहे. प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पाडणे हा त्यांच्या अंत्यविधीचाच भाग होय. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी लोक रस्त्यावर उतरले, दुसरे दिवशी दुकाने बंद राहिली, हिंदू व जैन व्यापारीही त्यांस मिळाले, आणि दंगा मोडण्यास सरकारला फौज बोलवावी लागली. पुढे त्याच शतकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, आणि १८८६ साली त्याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. घरातला कुत्रा, त्याचा वैद्य आणि त्याचे औषध ही कल्पना मराठी गृहस्थाने मुंबईत इंग्रजांच्या बंगल्यांत आणि पारशांच्या घरांत प्रथम पाहिली. पाहिली, उचलली मात्र नाही. कारण तो स्वतः गिरगावात किंवा परळ-लालबागेत चाळीत राहत होता.

चाळीत कुत्रा पाळण्यास अडचण केवळ जागेची नव्हती. चाळीस राखणदाराची गरजच नव्हती. गॅलरी एक, नळ एक, दारे दिवसभर सताड उघडी. जिन्यात परका दिसला की दहा बिऱ्हाडांतून दहा माना बाहेर येत. तेथे कुत्रे असलेच तर ते जिन्याखालचे, सर्वांचे आणि कोणाचेच नसलेले असे. १८९६ साली प्लेगने मुंबईस ग्रासले, दाटीच्या वस्तीचे भय सरकारास पटले आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानंतर दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, झाडे आणि मोकळी हवा असलेल्या नव्या वसाहती आखल्या गेल्या. माहीम पार्क या नावाने १९२५ साली लोकांस खुले झालेले सुमारे २८ एकरांचे मैदान हे त्या नव्या उपनगराचे हृदय होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्यास दोन वर्षांनी शिवछत्रपतींचे नाव मिळाले. १९३० व १९४० या दशकांत त्याच्याभोवती गोलसर सज्जांच्या तीन-तीन मजली इमारती उठल्या, आणि त्यांत जो नवा निवास आला त्याचे नाव ‘ब्लॉक’.

ब्लॉकने मराठी कुटुंबास पुष्कळ दिले. स्वतःचे न्हाणीघर दिले, स्वतःचा संडास दिला, मुलांना अभ्यासाची खोली दिली. आणि एक बंद दार दिले. चाळीच्या दहा माना गेल्या. त्यांच्या जागी विजेची घंटी आली. दुपारी पुरुष कचेरीत, मुले शाळेत आणि बंद दारामागे एकटी गृहिणी, असा देखावा मराठी घरात पूर्वी नव्हता. पुढे मुले शिकून परदेशी गेली, आणि बंद दारामागे दोघे वृद्ध उरले. या दाराला राखण हवी होती आणि या शांततेला सोबत हवी होती. एकाच प्राण्यात दोन्ही हवे असतील, तो तीन खोल्यांत मावणारा हवा असेल आणि दूधभात-पोळीवर संतुष्ट राहणारा हवा असेल, तर गाडीवानाच्या त्या पहारेकऱ्यावाचून दुसरे कोण? मांसाहारी प्राण्यास भातपोळी कशी मानवते याचे उत्तर २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. लांडग्यापासून कुत्रा निराळा होताना पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती त्याच्या ठायी वाढली, असे त्या संशोधनात दिसून आले. माणसाच्या पानाशेजारी राहूनच कुत्रा कुत्रा झाला. आपल्या श्वबलीमागे नकळत केवढा जुना करार होता!

विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत परदेशातून कुत्री आणण्यावर निर्बंध होते. तेव्हा येथेच वाढणारा, सहज मिळणारा आणि स्वस्त असा स्पिट्झ हा मध्यमवर्गाचा कुत्रा ठरला. ऑगस्ट १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ हा बोलपट झळकला आणि त्याच्या लोकप्रियतेवर शिक्कामोर्तब झाले. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही मराठी मंडळी त्यात होती, म्हणून मराठी घरांस तो अधिकच आपला वाटला. त्यातला ‘टफी’ नावाचा पांढरा स्पिट्झ घरच्या क्रिकेटात पंचाचे काम करतो आणि अखेरीस नायिकेची चिठ्ठी धाकट्या भावाऐवजी थोरल्याच्या हाती देऊन सारा पेच सोडवितो. ज्या घरात देवघर आहे, सण आहेत, वडीलधाऱ्यांची आज्ञा आहे, त्याच घराच्या दिवाणखान्यात कुत्राही आहे, आणि कोणास त्याचे नवल वाटत नाही! उंबरठा ओलांडण्याची क्रिया पुरी झाल्याचे यापेक्षा स्पष्ट चिन्ह कोणते?

ती पुरी झाली खरी, पण कोणासाठी? येथे मराठी भाषेतील एक शब्द आपणांस अडवितो. इंग्रजीत कुत्र्याच्या वाणास एक शब्द आहे आणि माणसांच्या जातीस दुसरा. मराठीत दोहोंस ‘जात’ हा एकच शब्द. ‘जातिवंत’ कुत्रा आत, ‘गावठी’ बाहेर. वास्तविक आपला इंडियन स्पिट्झ आंतरराष्ट्रीय श्वानसंघाच्या यादीत नाही. बहुतेकांपाशी वंशावळीचा कागदही नसतो. तरीही तो आत आला, कारण तो पांढरा होता, झुबकेदार होता आणि त्याचे नाव परदेशी होते. त्याच्याइतकाच शहाणा, या हवेत त्याच्याहून अधिक निरोगी राहणारा रस्त्यावरचा कुत्रा मात्र फाटकाबाहेरच राहिला. गोऱ्या कातडीची आपली भक्ती केवळ वधूपरीक्षेपुरती नव्हती असेच म्हणावे लागते.

आणि जातीवरून स्वभाव कितपत सांगता येतो? या प्रश्नास २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनाने दिलेले उत्तर विचार करावयास लावणारे आहे. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती गोळा करून संशोधकांनी पाहिले, तेव्हा दोन कुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक पडतो त्यापैकी केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास भाग जातीने उलगडतो असे आढळले. याचा अर्थ वर केलेले स्पिट्झचे स्वभाववर्णन खोटे असा नव्हे. भुंकण्याची प्रवृत्ती, सावधपणा हे गुण त्या कुळात अधिक आढळतात, आणि त्याची कारणे इतिहासात आहेत. परंतु आपल्या घरात आलेला हा एक स्पिट्झ कसा निघेल हे त्याच्या जातीवरून ठरविणे म्हणजे आडनावावरून विद्यार्थ्याचे गुण देण्यासारखे आहे. आमच्या धंद्यात ही खोड फार जुनी आहे आणि तिचे दुष्परिणामही जुनेच आहेत.

तेव्हा स्पिट्झ पाळणाऱ्या घराने त्याचे कुळ जाणावे ते त्याच्यावर शिक्का मारण्यासाठी जाणू नये. ज्यास आपण खोड म्हणतो ते एके काळी त्याचे काम होते, हे ध्यानात यावे यासाठी जाणावे. त्याच्या भुंकण्यावर काठी हा उपाय नव्हे. पाहुणा आला, त्याने वर्दी दिली, धन्याने ‘कळले’ म्हणून त्यास शांत केले आणि गप्प राहिल्याबद्दल एक तुकडा दिला, असे रोज झाले म्हणजे तो हळूहळू उमजतो. उन्हाळा आला म्हणून त्याचे केस मुळापासून भादरू नयेत. तेच दुहेरी आवरण उन्हापासूनही त्याचे रक्षण करते, आणि एकदा भादरलेले केस कधीकधी पूर्ववत येत नाहीत. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता घालवितो. म्हणून वैशाखात त्यास भर दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नये, आणि नियमित विंचरून मेलेले केस काढून टाकावेत. लाडाने त्यास लठ्ठ करू नये. कांदा, चॉकलेट, द्राक्षे व मनुका ही त्यास विषासमान आहेत. आणि त्यास तासन्‌तास एकटे कोंडून ठेवू नये; सोबतीसाठी आणलेल्या प्राण्यास सोबत नाकारणे याइतका विपरीत व्यवहार नाही.

परंतु याहून मोठे संकट फॅशनचे आहे. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग मुलामागे चालू लागला आणि घरोघर पग आले. त्यानंतर शिह त्झू आले. आता तर सैबेरियाच्या बर्फातले हस्कीही मुंबईच्या दमट हवेत वातानुकूलित खोलीत दिवस काढीत आहेत. ‘पॉमेरियन’ आता जुन्या चालीचा झाला. त्याचे आयुष्य बारा-पंधरा वर्षांचे असते. फॅशनचे तितके नसते. घर बदलले, इमारत पुनर्विकासाला गेली, म्हातारी माणसे वारली, परदेशी जावयाचे ठरले, आणि दृष्टी मंदावलेला, दात पडलेला, पूर्वीचाच आवाज राहिलेला स्पिट्झ एखाद्या फाटकाबाहेर बांधलेला सापडतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने पाळीव प्राण्यास असे टाकून देणे हा गुन्हा ठरविला आहे. इमारतीत कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही, असे पशुकल्याण मंडळानेही २०१५ साली कळविले आहे. कायदा आहेच, परंतु ज्याने दार उघडून आत घेतले त्यास कायद्याची वाट पाहावी लागू नये.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात हस्तिनापुराहून निघालेल्या पांडवांमागे एक कुत्रा चालू लागतो. वाटेत द्रौपदी पडते, एकेक भाऊ पडतो, कुत्रा मात्र अखेरपर्यंत येतो. इंद्र रथ घेऊन उभा राहतो आणि युधिष्ठिरास सांगतो, कुत्र्यास सोड आणि स्वर्गात चल. आश्रयाला आलेल्या भक्ताचा त्याग करून मला स्वर्ग नको, असे त्याचे उत्तर आहे. ही कथा आपण मुलांना सांगतो ती बहुधा शेवटी कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म होता या चमत्कारासाठी. परंतु युधिष्ठिराने उत्तर दिले तेव्हा त्यास हे ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे होता तो केवळ एक कुत्रा, वाट चालून दमलेला. तो कोणत्या रंगाचा होता, कोणत्या जातीचा होता, हे व्यासांनी सांगितलेले नाही, आणि युधिष्ठिरानेही विचारलेले नाही.